रोगकारक यीस्ट कल्चरवरून कसं ओळखायचं: नमुन्यापासून नावापर्यंत

रक्ताच्या कल्चरमध्ये यीस्ट (एकपेशी बुरशी) उगवलं, एवढं कळवून लॅबचं काम संपत नाही. कॅन्डिडा हा यीस्टचा एक गट. त्यातल्या कॅन्डिडा क्रुसेईवर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही. कॅन्डिडा ग्लॅब्राटावर ते नेहमीच्या डोसात अनेकदा लागू पडत नाही. कॅन्डिडा लुसिटॅनीचे काही स्ट्रेन ॲम्फोटेरिसिन-बीला दाद देत नाहीत. आणि कॅन्डिडा ऑरिस निघालं, तर औषधाबरोबर रुग्णाला वेगळं ठेवणं, खाट-उपकरणांचं निर्जंतुकीकरण, शेजारच्या रुग्णांची तपासणी असं सगळंच बदलतं. म्हणून प्रजातीपर्यंत जावं लागतं.

मॅल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून जंतू ओळखणारं यंत्र) असेल तिथे हे काम काही मिनिटांत होतं. नसेल तिथे कल्चरवरच्या जुन्या चाचण्या आजही भरवशाच्या आहेत, पण त्या नीट क्रमाने केल्या तर. कुठलीही एक चाचणी नाव सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाखालची रचना, रंग, तापमान आणि साखरांची उत्तरं एकमेकांशी जुळली तरच नाव लिहायचं. एकही उत्तर फटकून असेल तर आधी कल्चर शुद्ध आहे का ते बघायचं, मग प्रजातीचा विचार.

नमुना आणि पहिली नजर

रक्त, मेंदूमज्जाद्रव, सांध्यातलं पाणी, शस्त्रक्रियेत काढलेला ऊतीचा तुकडा अशा निर्जंतुक जागेतून आलेलं यीस्ट कधीही ‘कंटॅमिनेशन’ म्हणून सोडू नये, एकाच बाटलीत उगवलं असलं तरी. थुंकीचं गणित उलटं आहे. तोंडात राहणारं कॅन्डिडा थुंकीत सहज येतं आणि त्यावरून फुफ्फुसाचा कॅन्डिडा-संसर्ग जवळपास कधीच सिद्ध होत नाही, त्यामुळे तिथे प्रजाती शोधण्यात वेळ घालवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. लघवीतल्या यीस्टचा अर्थ कॅथेटर आहे का, लक्षणं आहेत का, यावर ठरतो.

स्वॅब दोन मागवा, एक स्लाइडसाठी आणि एक कल्चरसाठी. मेंदूमज्जाद्रव सेंट्रिफ्यूज करून तळाचा साका घ्या. वरचं पाणी ॲंटिजन चाचणीसाठी ठेवा, फेकू नका.

ग्रॅम रंगात यीस्ट गडद जांभळं दिसतं. कॅन्डिडाच्या बहुतेक प्रजातींच्या पेशी ४ ते ८ मायक्रॉनच्या, अंडाकृती, कळी फुटलेल्या असतात. २ ते ४ मायक्रॉनच्या बारीक पेशी असतील आणि स्यूडोहायफी (लांबट कळ्यांची साखळी) एकही नसेल तर ग्लॅब्राटाची शंका घ्यावी. क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या रोगकारक यीस्टच्या पेशी गोल आणि लहानमोठ्या असतात, कळी अरुंद मानेवर असते आणि कॅप्सूलमुळे (पेशीभोवतीच्या जाड वेष्टनामुळे) रंग अर्धवट, ठिपक्याठिपक्यांचा बसतो. अशी स्लाइड दिसली की लगेच इंडिया इंक (काळ्या शाईत पेशी बघण्याची चाचणी) करा. साक्याचा एक थेंब, शाईचा एक लहान थेंब, वर कव्हरस्लिप. कव्हरस्लिपखालून छापील अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. शाई जास्त झाली तर काहीच दिसत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीभोवतीही उजळ कडं दिसू शकतं, पण त्याची कड धूसर असते आणि आत पेशीभित्तिकेची स्पष्ट रेघ नसते. कळी फुटलेली पेशी आणि कापल्यासारखी स्वच्छ कड दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणू नका.

माध्यम आणि तापमान

रोजच्या कामाला साबुरो डेक्स्ट्रोज अगार पुरतं: लिटरला ४० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १० ग्रॅम पेप्टोन, १५ ग्रॅम अगार, पीएच ५.६. बॅक्टेरिया रोखायला त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घालतात. १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह केलं की थांबा. आम्लधर्मी माध्यम जास्त तापलं की अगार विरघळून फुटतो, प्लेट मऊ राहते आणि लूप (वाढ उचलायची तारेची कडी) आत रुतते. ‘अगारची पिशवी खराब निघाली’ अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेकदा हेच असतं.

सायक्लोहेक्झिमाइड (बऱ्याच बुरशी रोखणारं द्रव्य) घातलेलं माध्यम त्वचा-नखांच्या बुरशीसाठी उत्तम, पण यीस्टसाठी एकट्याने वापरू नका. क्रिप्टोकॉकस त्यावर उगवत नाही, कॅन्डिडाच्या कित्येक प्रजातीही अडतात. कॅन्डिडा अल्बिकन्स मात्र आरामात वाढतं, आणि मग मिश्र संसर्गातलं दुसरं यीस्ट नजरेआड जातं.

दोन प्लेट घ्या. एक ३५ ते ३७ अंशांवर, दुसरी २५ ते ३० अंशांवर. कॅन्डिडाची वाढ २४ ते ४८ तासांत दिसते: मलईच्या रंगाची, मऊ, यीस्टच्या ओळखीच्या वासाची. पण वास प्लेट नाकाशी धरून घ्यायचा नाही, झाकण उघडतानाच तो पुरेसा कळतो. ग्लॅब्राटाला बऱ्याचदा पूर्ण ४८ तास लागतात. क्रिप्टोकॉकसला ३ ते ५ दिवस, कधी त्याहून जास्त. त्याची वसाहत जुनी होत गेली की बुळबुळीत होऊन उताराच्या दिशेने ओघळते. संशयित क्रिप्टोकॉकसच्या प्लेट ४ आठवडे ठेवाव्यात, वाढ नाही म्हणून दुसऱ्या दिवशी निकाल बंद करू नये. सगळं काम दुसऱ्या दर्जाच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये करावं. यीस्टसारखी दिसणारी वाढ पुढे कापसासारखी होऊ लागली तर प्लेट टेपने बंद करा आणि उघड्यावर काढू नका. हिस्टोप्लाझ्मासारखी द्विरूपी (कधी यीस्ट, कधी तंतू अशा रूपांत वाढणारी) बुरशी अशीच फसवते.

आधी शुद्ध वाढ

चुकीच्या ओळखीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मिश्र कल्चर. साबुरोवर अल्बिकन्स आणि ग्लॅब्राटा एकमेकांत मिसळलेले डोळ्यांना कळत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी क्रोमोजेनिक अगारवर (प्रजातीनुसार वसाहतीला वेगळा रंग देणाऱ्या माध्यमावर) वेगवेगळ्या वसाहती सुट्या होतील अशी रेघणी करा आणि एका सुट्या वसाहतीवरून नवी प्लेट लावा. त्या वाढीचा ग्रॅम रंग बघा. मधे एखादा बॅक्टेरिया दिसला तर पुन्हा क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर घ्या. पुढच्या सगळ्या चाचण्या २४ ते ४८ तासांच्या ताज्या वाढीवर करायच्या, आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेल्या प्लेटवर नाही.

क्रोमोजेनिक अगार

यातले रंग कंपनीनुसार बदलतात. काही माध्यमांत अल्बिकन्स हिरवं येतं, काहींत निळं. त्यामुळे पाकिटातला रंगतक्ता समोर ठेवूनच वाचा. क्रोमअगार कॅन्डिडा या माध्यमावर ४८ तासांनी कॅन्डिडाच्या प्रजाती साधारण अशा दिसतात: अल्बिकन्स हिरवं, ट्रॉपिकॅलिस धातूसारखं निळं आणि भोवती जांभळट छटा, क्रुसेई गुलाबी, कोरडं, कडा पसरट आणि केसाळ, ग्लॅब्राटा जांभळट गुलाबी आणि चकचकीत, पॅराप्सिलोसिस पांढरं ते फिकट गुलाबी.

यातला खरा भरवसा हिरव्या, निळ्या आणि कोरड्या गुलाबी वसाहतींवर ठेवावा. ‘गुलाबी ते जांभळं’ या घोळक्यात ग्लॅब्राटा, ऑरिस आणि इतर अर्धा डझन प्रजाती बसतात, तिथे रंगावरून नाव लिहिणं म्हणजे अंदाज. २४ तासांना वाचू नका, कारण तेव्हा हिरवा आणि निळा दोन्ही फिके असतात. माध्यम प्रकाशात ठेवलं तर रंगद्रव्याची धार जाते, म्हणून तयार प्लेट अंधारात ठेवा.

जर्म ट्यूब

स्वस्त, झटपट, आणि म्हणूनच सर्वांत जास्त बिघडवली जाणारी चाचणी.

लहान नळीत ०.५ मिलि सीरम घ्या, गाईच्या भ्रूणाचं किंवा तपासून घेतलेलं मानवी. थोडे थोडे भाग करून उणे २० अंशांवर ठेवले की रोज नवं उघडावं लागत नाही. लूप वसाहतीला जेमतेम टेकवून सीरममध्ये मिसळा. पाणी किंचित धुरकट दिसलं की बस. ३७ अंशांवर २ ते ३ तास ठेवा, मग एक थेंब स्लाइडवर घेऊन ४० च्या लेन्सने बघा.

जर्म ट्यूब म्हणजे पेशीतून निघालेली, बाजू समांतर असलेली नळी. तिची रुंदी पेशीच्या साधारण निम्मी, लांबी तीन-चार पट, आणि मुख्य म्हणजे पेशीला चिकटते तिथे आवळलेली नसते. मुळाशी आवळल्यासारखी कंबर दिसली तर ती स्यूडोहायफी. ट्रॉपिकॅलिस अशीच सुरुवात करतं, आणि ३ तासांच्या पुढे काचेची नळी ठेवली की त्याला हमखास पॉझिटिव्ह म्हटलं जातं.

उलट बाजूची चूक म्हणजे भरमसाट वाढ घालणं. पेशींची दाटी झाली की अल्बिकन्सही नळी काढत नाही. बॅक्टेरिया मिसळलेले असले किंवा वॉटर बाथऐवजी गार इनक्युबेटरमध्ये नळी तापायलाच अर्धा तास गेला, तरी तेच होतं. दर वेळी अल्बिकन्सचा एक आणि ट्रॉपिकॅलिसचा एक ज्ञात स्ट्रेन बरोबर लावा.

पॉझिटिव्ह म्हणजे अल्बिकन्स किंवा डब्लिनिएन्सिस. निगेटिव्ह म्हणजे ‘अल्बिकन्स नाही’ असं मात्र नाही, कारण अल्बिकन्सचे सुमारे ५ टक्के स्ट्रेन नळी काढत नाहीत. अल्बिकन्स आणि डब्लिनिएन्सिस वेगळे करायला दोघांना साबुरोवर ४५ अंशांवर ४८ तास ठेवा. अल्बिकन्स वाढतं, डब्लिनिएन्सिस वाढत नाही. प्लेट आधी गरम करून घ्या आणि इनक्युबेटरच्या आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण दाराच्या आकड्यात २ अंशांचा फरक असला तरी उत्तर फिरतं.

कॉर्नमील अगार

सगळ्या चाचण्यांत निवाडा करणारी चाचणी हीच. ओळखीच्या तयार बायोकेमिकल किटचा आकडा काहीही म्हणो, कॉर्नमीलवरची रचना त्याच्याशी जुळत नसेल तर किटचं नाव स्वीकारू नये.

तयार पावडर लिटरला १७ ग्रॅम, त्यात ट्वीन-८० १० मिलि. ट्वीन पृष्ठताण कमी करतं, त्याने हायफी (खरे तंतू) आणि क्लॅमिडोस्पोर (जाड भिंतीच्या गोल पेशी) चांगले येतात. पावडर घेताना लेबल वाचा: डेक्स्ट्रोज घातलेला कॉर्नमील अगारही मिळतो, आणि साखर भरपूर मिळाली की यीस्ट नुसत्या कळ्या फोडत बसतं, रचना दाखवतच नाही. प्लेट पातळ ओता, म्हणजे उलटी न करता थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते.

पद्धत डाल्माऊची. सरळ सुईने वसाहतीला अगदी हलका स्पर्श करा. अगारमध्ये साधारण १ सेंटिमीटर अंतरावर तीन समांतर चिरे द्या, सुई तिरकी धरून, प्लेटच्या तळाला न लावता. मग त्या चिऱ्यांवरून एक-दोनदा आडवी सुई फिरवा म्हणजे वाढ पातळ होत जाते. ज्योतीतून काढून गार केलेली कव्हरस्लिप मधल्या भागावर ठेवा. तिच्याखाली प्राणवायू कमी पडतो आणि रचना तिथेच उमटते. २५ अंशांवर ४८ ते ७२ तास. ३७ वर ठेवलं तर क्लॅमिडोस्पोर येत नाहीत. आधी १० ची लेन्स, मग ४०. कव्हरस्लिपच्या कडेशी आणि चिऱ्यांच्या टोकांशी बघा. मधल्या दाट गिचमिडीत काही कळत नाही.

काय दिसतं ते असं. अल्बिकन्समध्ये हायफी आणि स्यूडोहायफी, त्यांच्या सांध्यांवर ब्लास्टोकोनिडियांचे (कळ्यांचे) गोल घोस, आणि टोकाला जाड भिंतीचे, ८ ते १२ मायक्रॉनचे चकाकणारे क्लॅमिडोस्पोर, बहुतेक एकेकटे. डब्लिनिएन्सिसमध्ये तेच, पण भरपूर आणि जोडीने-तिघांनी. ट्रॉपिकॅलिसमध्ये लांबलचक स्यूडोहायफी आणि तिच्या अंगावर कुठेही, विस्कळीत, एकेकटे किंवा छोट्या साखळीतले ब्लास्टोकोनिडिया. पॅराप्सिलोसिसमध्ये चिऱ्यालगत कोळ्यासारखे छोटे पुंजके, नाजूक वाकडी स्यूडोहायफी आणि मधूनच एखादी जाडजूड हायफा. क्रुसेईत लांबट पेशी, विस्कटलेल्या आगकाड्यांसारख्या आडव्यातिडव्या. केफिरमध्ये लांबट पेशी एकमेकींना समांतर, प्रवाहात वाहत आल्यासारख्या. ग्लॅब्राटात फक्त लहान, दाट, अंडाकृती पेशी, बाकी काही नाही. क्रिप्टोकॉकसमध्ये गोल पेशी, एकमेकींपासून अंतर राखून, कारण मधे कॅप्सूल असतं.

हायफी तुकड्यातुकड्यांनी तुटून चौकोनी आर्थ्रोकोनिडिया दिसले तर ट्रायकोस्पोरॉन किंवा जिओट्रायकम. ट्रायकोस्पोरॉनमध्ये त्याबरोबर कळ्याही असतात आणि युरीएज (युरिया फोडणारं एन्झाइम) पॉझिटिव्ह येतं. जिओट्रायकममध्ये कळ्या नाहीत आणि युरीएज निगेटिव्ह.

युरीएज आणि कारळ्याचा अगार

ख्रिस्टेनसेनच्या युरिया अगारच्या तिरप्या नळीवर भरपूर वाढ लावा आणि २५ ते ३० अंशांवर ठेवा. क्रिप्टोकॉकस, ट्रायकोस्पोरॉन आणि रोडोटोरुला नळी गडद गुलाबी करतात, बहुतेकदा २ दिवसांत, तरी ४-५ दिवस बघावं. कॅन्डिडा सहसा निगेटिव्ह, पण क्रुसेईचे काही स्ट्रेन पॉझिटिव्ह येतात. बॅक्टेरियाची लागण झाली की उत्तर खोटं येतं, म्हणून इथेही शुद्ध वाढच हवी. युरिया न घातलेली एक नळी बरोबर ठेवा. ती गुलाबी झाली तर रंग पेप्टोनच्या विघटनाचा आहे.

गोल पेशी आणि युरीएज पॉझिटिव्ह असेल तर पुढचा टप्पा कारळ्याच्या बियांचा अगार. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि गॅट्टी यांच्याकडे फिनॉल ऑक्सिडेज असतं. बियांतल्या द्रव्यापासून ते मेलॅनिन बनवतं आणि ३० अंशांवर २ ते ७ दिवसांत वसाहत तपकिरी होते. या माध्यमात ग्लुकोज लिटरला १ ग्रॅमपेक्षा वाढवू नका, जास्त साखरेने एन्झाइम दबतं आणि वसाहत पांढरीच राहते. या दोघांत फरक करायला सीजीबी (कॅनाव्हॅनिन-ग्लायसिन-ब्रोमथायमॉल ब्लू) अगार: गॅट्टी त्याला निळं करतं, निओफॉर्मन्स पिवळट-हिरवंच ठेवतं.

एक सावधगिरी. कल्चरवर वाढवलेलं क्रिप्टोकॉकस अनेकदा कॅप्सूल गमावतं. प्लेटवरच्या वाढीची इंडिया इंक निगेटिव्ह आली म्हणून क्रिप्टोकॉकस बाद करू नये.

साखरा: आंबवणं वेगळं, वापरणं वेगळं

आंबवण्याच्या चाचणीत २ टक्के साखरेच्या द्रव माध्यमात वायू साठवणारी छोटी उलटी डरहॅम नळी ठेवतात. साखर गाळून निर्जंतुक करून नंतर घाला, उकळून नाही. २५ ते ३० अंशांवर १४ दिवसांपर्यंत ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी बघा. गणना फक्त वायूची. नुसता रंग बदलला तर तो आम्लाचा, आणि साखर न आंबवता नुसती वापरली तरी आम्ल होतं.

अल्बिकन्स ग्लुकोज आणि माल्टोज आंबवतं, सुक्रोज नाही. ट्रॉपिकॅलिस तिन्ही आंबवतं. ग्लॅब्राटा ग्लुकोज आणि ट्रेहॅलोज. क्रुसेई फक्त ग्लुकोज. केफिर ग्लुकोज, सुक्रोज आणि लॅक्टोज. क्रिप्टोकॉकस काहीच नाही. ग्लुकोजच्या नळीत वायू नाही आणि माल्टोजच्या नळीत आहे, असं दिसलं तर चाचणी चुकली आहे. पुन्हा लावा.

वापराची चाचणी म्हणजे ऑक्झॅनोग्राम. यीस्ट नायट्रोजन बेस लिटरला ६.७ ग्रॅम, त्यात शुद्ध केलेला अगार. यात नायट्रोजन आहे, कार्बन नाही. माध्यम ४५ अंशांच्या आसपास गार करून त्यात मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) ४ ते ५ इतकं दाट पेशींचं मिश्रण घाला, प्लेट ओता आणि गोठल्यावर साखरेच्या चकत्या दूर दूर ठेवा. ३० अंशांवर २४ ते ४८ तासांत ज्या चकतीभोवती वाढीचं धुरकट वर्तुळ येईल ती साखर वापरली. ग्लुकोजभोवती वर्तुळ आलंच पाहिजे, नाही तर पेशी माध्यमाच्या उष्णतेने मेल्या. उलट सगळी प्लेटच धुरकट झाली तर आधीच्या प्लेटवरची साखर पेशींबरोबर आली आहे. पेशी निर्जंतुक पाण्यात दोनदा धुऊन पुन्हा लावा.

रॅम्नोज वापरलं तर लुसिटॅनीकडे बघा, लॅक्टोज वापरलं तर केफिरकडे. पॅराप्सिलोसिस ॲरॅबिनोज वापरतं, सेलोबायोज नाही. इनोसिटॉल वापरणारं आणि नायट्रेट न वापरणारं गोल यीस्ट क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सशी जुळतं. गुलाबी-लाल वसाहतीची रोडोटोरुला म्यूसिलॅजिनोसा इनोसिटॉल वापरत नाही.

कॅन्डिडा ऑरिस

२००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून वेगळं करून वर्णन केलेली ही प्रजाती बायोकेमिकल किटना सर्रास चकवते. एपीआय २० सी ऑक्सवर ती रोडोटोरुला ग्लुटिनिस किंवा कॅन्डिडा साके म्हणून येते, जुन्या डेटाबेसच्या व्हायटेक-२ यंत्रावर कॅन्डिडा हीम्युलोनी म्हणून. रोडोटोरुला असं उत्तर आलं आणि वसाहत लाल-गुलाबी नसेल, तर ते उत्तर तिथेच नाकारा.

कल्चरवरून शंका अशी घ्यावी: जर्म ट्यूब निगेटिव्ह, कॉर्नमीलवर स्यूडोहायफी नाही, पेशी अंडाकृती, एकेकट्या, जोडीने किंवा गठ्ठ्यांनी, क्रोमोजेनिक प्लेटवर फिकट गुलाबी ते जांभळट, आणि ४२ अंशांवर व्यवस्थित वाढ. हीम्युलोनी ४२ अंशांवर वाढत नाही. त्वचेच्या स्वॅबमधून शोधायचं असेल तर १० टक्के मीठ आणि डल्सिटॉल घातलेल्या साबुरो द्रवात ४० अंशांवर वाढवतात, तिथे बाकीची बहुतेक यीस्ट मागे पडतात. एवढं जुळलं तरी नाव ‘संशयित’ म्हणूनच लिहायचं. खात्री मॅल्डी-टॉफ किंवा आयटीएस या डीएनएच्या भागाच्या क्रमवाचनानेच होते. पण वॉर्डला फोन करायला त्या खात्रीची वाट बघू नये.

सुटून जाणारे दोन

लिपिड सलाइन चालू असलेल्या नवजात बाळाच्या रक्तात यीस्ट स्लाइडवर दिसतं, साबुरोवर उगवत नाही, असं झालं तर मॅलॅसेझिया असू शकतं. त्याला स्निग्ध द्रव्य लागतं. प्लेटवर निर्जंतुक ऑलिव्ह तेलाचा पातळ थर पसरून ३२ ते ३४ अंशांवर ठेवा. दुसरा प्रोटोथेका: वसाहत हुबेहूब यीस्टची, पण एकाही पेशीला कळी नाही आणि पेशीच्या आत भाग पडलेले दिसतात. हे यीस्ट नाही, हरितद्रव्य नसलेलं शैवाल आहे.

नियंत्रण आणि रिपोर्ट

प्रत्येक नव्या बॅचला ज्ञात स्ट्रेन लावा (एटीसीसी म्हणजे जंतूंचा अमेरिकन संग्रह, पुढे त्यातला क्रमांक): अल्बिकन्स एटीसीसी ९००२८, पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९, क्रुसेई एटीसीसी ६२५८. रिपोर्टमध्ये जुनं आणि नवं दोन्ही नाव द्या. ग्लॅब्राटा आता नाकासिओमायसिस ग्लॅब्राटस झालं आहे, क्रुसेई पिकिया कुड्रियावझेवी. नुसतं नवं नाव वाचून क्रुसेईचं फ्लुकोनाझोलचं वागणं सगळ्यांच्याच लक्षात येईल असं नाही.

निर्जंतुक जागेतून आलेला प्रत्येक स्ट्रेन जपून ठेवा: १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर, आणि तशी सोय नसेल तर निर्जंतुक पाण्याच्या घट्ट बंद बाटलीत साध्या तापमानाला. संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवताना प्लेट नको, साबुरोच्या तिरप्या नळीवरची ताजी शुद्ध वाढ पाठवा, आणि तुमच्या चाचण्यांची सगळी उत्तरं, न जुळलेलीसुद्धा, सोबत लिहा.